न्यायला येणारं माणूस

"बोलावणं येणार नाही. तूच जायचंस," असं आई म्हणाली तेव्हा दोघी पडवीत भुईमुगाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या, आणि तिची लेक तियांजाने हसली होती. आईचं बोलणं असंच कुठूनतरी मधूनच सुरू व्हायचं, जणू आधीचं सगळं ती मनात बोलून चुकलेली असायची. कुठे जायचं, कोणाला आणायचं, हे विचारावं लागायचं. तियांजानेने विचारलं नाही, तरी आईने सांगितलंच. मामी गेली की मामाला तिथून घेऊन यायचं. माझा भाऊ लेमिसोन काही हाक मारणार नाही. वाट बघणारा माणूस हाक मारत नसतो. मामी तुझ्यापेक्षा धडधाकट आहे, असं तियांजाने म्हणाली आणि एक खवट दाणा थुंकून टाकला. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती ती. मामाला घर होतं, पत्र्याचं, विटा त्याने स्वतः पाडलेल्या आणि स्वतः भाजलेल्या. स्वतःच्या घरातून माणसाला कोणी कशाला आणायचं? आईने तिच्याकडे पाहिलं, टोपली झटकली आणि पुढची मूठ उचलली. पुढच्या पावसाळ्याआधी आईच गेली. ते वाक्य मात्र राहिलं, खवट दाण्याची चव जिभेच्या मागे राहते तसं, आठवलं तर असायचं आणि एरवी नसायचं.

ते वर आलं मिनीबसमध्ये, अगदी क्षुल्लक कारणाने. बाजारातून एरिया तेवीसला, शहरातल्या तिच्या वस्तीत, परत येताना गाडीत बहुतेक बायकाच होत्या. टोमॅटोच्या पाट्या, सुक्या माशांचा वास, पाठीवर बांधलेली पोरं. कंडक्टर दारात लोंबकळत होता. आत नजर टाकून तो म्हणाला, "ही सगळी कोणाची म्बुम्बा रे? मालकाविना मोकाट सोडलीय." टोमॅटोवाली बाई मागे न बघताच म्हणाली, "मालक जोहान्सबर्गला गेला आणि तिथेच मुरला. तू होतोस का मालक? मग आधी माझ्या धाकटीच्या नवऱ्याला चार शिव्या घालून ये." कंडक्टर म्हणाला, शिव्या फुकट घालीन, भाडं मात्र पुरं घेईन. गाडी हसली. तियांजानेने हसायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. आपल्या पोराला, लुसुंगुला, तिने पाठीवरून पुढे घेतलं होतं आणि त्याचं एक पाऊल तिच्या तळहातात होतं. तळवा मऊ होता, आतून बाहेरून सारखाच मऊ, जमिनीला कधी टेकलाच नव्हता. म्बुम्बा. किती वर्षांत तिने हा शब्द कोणाच्या तोंडून ऐकला नव्हता. आणि मालक, हाही. गाडी खड्ड्यातून उसळली, पाऊल हातातून निसटलं, आणि तिने महिने मोजले. दोरोफे मामी पेरण्यांच्या वेळी गेली होती. आता मक्याची कापणी होऊन शेतं रिकामी झाली होती. मामा अजून तिथेच होता.

शब्द तसा साधा. एका आईच्या पोटच्या बहिणी, त्यांच्या मुली, मुलींची पोरं, ही झाली म्बुम्बा. आणि त्या सगळ्यांच्या भल्याबुऱ्याला जो उभा राहतो तो भाऊ त्या म्बुम्बेचा मालक. मालक म्हणायचं, पण मालकीचं त्याच्याकडे काही नसतं. जमीन बहिणींची, घर बहिणींचं, पोरं बहिणींची. तो स्वतः लग्न करून बायकोच्या गावाला राहायला जातो, तिथे तो जावई. आणि जावयाला तिथल्या बायका कोंबडा म्हणतात. आरवायला ठीक, पण अंगण काही त्याचं नाही. तिथे त्याला होणारी पोरंसुद्धा त्याच्या मेव्हण्याच्या म्बुम्बेत. त्याचं जे काही आहे ते इकडे, डोंगराच्या या बाजूला, बहिणीच्या चुलीशी. तियांजानेला हे सगळं ठाऊक होतं. म्हण ठाऊक असते तसं ठाऊक होतं. म्हणीत कोणी राहायला जात नाही.

कॉलेजात भाषेच्या तासाला एका अध्यापकांनी फळ्यावर हा शब्द लिहिला होता. माती मळून घडवण्याचं जे क्रियापद आहे त्याच्याशी याचं नातं असावं, असं ते म्हणाले होते, आणि लगेच, असावं म्हणजे कोणी सिद्ध केलेलं नाही. मागच्या बाकावरून कोणीतरी कुजबुजलं होतं, म्हणजे बायका मडकी, आणि हशा झाला होता. तियांजानेही हसली होती. तिच्या पिढीला त्या शब्दात राजकीय सभांचा वास यायचा. तिच्या आईच्या तरुणपणी देशाचा सत्ताधीश देशातल्या सगळ्या बायांनाच आपली म्बुम्बा म्हणायचा. त्यांना त्याचा चेहरा छापलेली कापडं नेसवून त्याच्यापुढे मैदानावर नाचायला नेत. आई त्या दिवसांबद्दल बोलायची नाही. ते कापड मात्र तिने कधी नेसलं नाही की फेकलं नाही. त्यात ती पेरणीचं बी बांधून ठेवायची.

पण हशा संपल्यावर तियांजानेला आजी आठवली होती. आजी मडकी करायची. चाक नव्हतं, चाक कोणाकडेच नसतं. मातीचा गोळा जागेवर ठेवायची आणि स्वतः त्याच्याभोवती फिरायची, कमरेत वाकून, एक हात आत, एक हात बाहेर, उलट्या पावलांनी. मडकं फिरत नाही, बाई फिरते. लहानपणी तियांजाने ते बघत बसायची आणि तिला घेरी यायची. आजी सांगायची, आपण सगळ्या या एकाच मातीच्या, म्हणून म्बुम्बा. आणि मामा? तियांजाने विचारायची. मामा कुठेय मडक्यात? आजी म्हणायची, मामा मडक्यात नाही गं, मामा भोवती फिरतो. मडकं पुरं झालं, वाळलं, भाजलं, की भोवती फिरणाऱ्याने कुठे बसायचं, हे आजीने कधी सांगितलं नाही. तियांजानेनेही विचारलं नाही. मिनीबसमध्ये तिला पहिल्यांदाच तो प्रश्न पडला आणि तो इतका उघडा प्रश्न होता की तिला स्वतःची लाज वाटण्याआधी भीती वाटली.

मामा यायचा तो नेहमी पायी यायचा. डोंगर ओलांडून, खांद्यावर काहीतरी, एखादा भोपळा, जाळीत बांधलेली कोंबडी. आल्यावर आत जायचा नाही. छपराच्या कडेला, सावली जिथे संपते तिथे बसायचा आणि एकेकीचं नाव घ्यायचा. नाव घेतलं की समोर जायचं. कोणाच्या पायाला काटा, कोणाची शाळा, कोणाचा नवरा हात उगारतो, सगळं त्याला सांगायचं. तो ऐकताना जमिनीवर काडीने रेघा मारायचा. एकदा थोरल्या मावशीच्या नवऱ्याने तिचा ताप लपवला, दवाखान्यात न्यायला उशीर केला, तेव्हा मामाने त्याला सगळ्यांसमोर उभं केलं होतं. आवाज चढवला नाही. म्हणाला, तुला बायको दिली तेव्हा ती आजारी पडली तर आधी मला कळवायचं हे ठरलं होतं. आता मला दुसऱ्याकडून कळलं. मग मी तुझा कोण आणि तू माझा कोण? तो माणूस धिप्पाड होता, आणि रडला होता. तियांजाने तेव्हा दाराआड होती. आपल्याला काहीही झालं तरी जगात एक माणूस येऊन असं उभं राहील, हे तिच्या अंगात त्या दिवशी जे बसलं ते कधी उठलंच नाही. मोठी झाली, शहरात आली, लग्न केलं, तरी ते तिथेच होतं. आणि बहुतेक म्हणूनच त्याला कधी काही होऊ शकतं, हे तिच्या डोक्यात शिरलं नसावं.

लग्नात तोच उभा राहिला होता, बगलेत कोंबडा घेऊन. तिचा नवरा चवानंग्वा उत्तरेचा. त्यांच्यात उलटं: मुलीच्या बदल्यात बैल द्यायचे, मग सून त्यांची आणि पोरं बापाची. सासरे बैलांचं काढायला लागले. मामा म्हणाला, "आमच्यात पोरी विकत नाहीत, बाबा. आम्ही कोंबडा देतो, कोंबडी घेतो, दोन्ही शिजवतो, आणि हात धुतो." सासरे म्हणाले, मग पोरं कोणाची? मामा म्हणाला, पोरं शिजवत नाही. सासऱ्यांना ठसका लागेपर्यंत हसू आलं. दोन्ही म्हाताऱ्यांचं जमलं, दोघे शेजारी बसून जेवले, आणि तो प्रश्न तसाच ताटाखाली राहून गेला. पुढे लुसुंगु झाला तेव्हा नाव सासऱ्यांनी ठेवलं. आणि मामाने फोनवर ते नाव दोनदा म्हणून बघितलं, जड वस्तू या हातातून त्या हातात घेऊन बघावी तसं, आणि म्हणाला, नाव त्यांचं राहू दे. माणूस आपला आहे.

माणूस आपला आहे, या वाक्यातही तिला तेव्हा फक्त माया ऐकू आली. आता मिनीबसमधून उतरून लाल धुळीतून चालताना, पाठीवर पोर, डोक्यावर पिशवी, ती एकेक वाक्य उलटून बघत होती. म्बुम्बेत पुरुष उरला नव्हता. थोरल्या मावशीचे दोघे मुलगे गेले. तियांजानेचा भाऊ दक्षिणेला खाणीत गेला आणि आधी त्याचे फोन यायचे बंद झाले, मग लागायचे बंद झाले. उरली ती, आणि तिच्या पाठीवरचा हा. बायको मेली की जावयाला तिच्या गावातून उठून जाता येत नाही. त्याच्या म्बुम्बेतल्या माणसांनी यावं लागतं, आणि त्यांत एक तरी पुरुष लागतो. मेव्हणे त्याचं डोकं भादरतात, अंगाला तेल लावतात, जेवू घालतात आणि आलेल्यांच्या हातात त्याचा हात देतात: आमचं काही राहिलं नाही, तुमचा माणूस घेऊन जा. तोवर तो तिथे असतो. घर त्याने बांधलेलं असलं तरी ते मेलेल्या बायकोच्या बहिणींचं. तो ना पाहुणा, ना घरचा.

मामीचं कळलं तेव्हा लुसुंगु तान्हा होता. तान्हं पोर मयताला नेत नाहीत. तिने फोनवरून पैसे पाठवले होते. चवानंग्वाने तिला जवळ घेतलं होतं आणि म्हणाला होता, तुझा मामा खंबीर आहे. त्यानंतर मामाचे फोन. त्याच्याकडे स्वतःचा फोन नव्हता. मेव्हण्याच्या, याकोबेच्या फोनवरून एक घंटी वाजून बंद व्हायची, मग तिने उलट करायचा. तो दर वेळी एकच विचारायचा, चालतो का गडी? आणि ती म्हणायची, अजून नाही. आता तिला स्वच्छ दिसत होतं की बाकी काहीच तो विचारत नव्हता. दात विचारले नाहीत, ताप विचारला नाही. "असू दे, घाई नाही," म्हणायचा. "त्याला म्हणावं, पाय घट्ट कर. मामाला न्यायला यायचंय तुला." आणि हसायचा. तीही हसायची. पण फोन ठेवल्यावर तिच्या छातीत काटा राहायचा, वेगळाच. कारण तेच दवाखान्यातली नर्स विचारायची, तेच सासू विचारायची, अजून नाही? शेजारणीचं पोर महिन्याने लहान आणि अंगणभर पळतं. ती रोज लुसुंगुला भिंतीशी उभं करायची, हात सोडायची, आणि तो विचारी चेहऱ्याने खाली बसायचा, जणू त्याने त्यावर विचार करून नको ठरवलंय. ती त्याचे पाय चोळायची, गुडघे दाबून बघायची, झोपेत त्याची बोटं हलतात का ते बघायची. मामाची घंटी वाजली की तिला वाटायचं, आला आणखी एक विचारणारा. मग ती घंटी ऐकून न ऐकल्यासारखं करायला लागली. उद्या करू. भाजी करपेल. मग घंट्याही विरळ झाल्या.

मामाला आणायला जायचंय, हे चवानंग्वाने ऐकून घेतलं तेव्हा तो बूट पुसत होता. माणूस वाईट नव्हता, फक्त दुसऱ्या मुलखातला होता. त्याला कळेना की धडधाकट पायांच्या माणसाला न्यायला कशाला जायचं. दोन खोल्या आहेत, म्हणाला, पण येऊ दे. महिनाभर राहू दे, मग बघू. आणि लुसुंगुला घेऊन डोंगरात वगैरे नको, खोकला आहे त्याला. आणि हे म्बुम्बा-बिम्बा त्याच्या डोक्यावर ठेवू नकोस. तो माझ्या बापाचा नातू आहे. तियांजाने म्हणाली, हो. दर वेळी ती हो म्हणायची आणि आत काहीतरी अंग चोरून बसायचं. मात्र या वेळी तिला बरंही वाटलं, कारण खोकला खरंच होता, आणि जायचं म्हणजे गाडी, मग डोंगर, मग त्या बायकांच्या नजरा: इतके दिवस कुठे होतीस? न जाण्याला कारण मिळालं की माणूस ते किती पटकन खिशात घालतो.

तिने फोन केला. याकोबेने घेतला, हाक मारली, आणि बराच वेळ फोनमध्ये कोंबड्यांचा आवाज येत राहिला. मग मामा.

"मामा, बरं आहे ना तिथे?"

"बरं म्हणजे, जेवायला देतात."

"आणि घर?"

"घरात दोरोफेच्या भाचीचं बिऱ्हाड आलंय. लेकुरवाळी आहे. मी स्वयंपाकघरात निजतो. तिथे ऊब असते."

लुसुंगु शेगडीतला कोळसा तोंडात घालत होता, तिने फोन खांद्यात धरून त्याच्या तोंडात बोट घातलं, आणि त्या घाईतच, त्याच आवाजात, ज्या आवाजात पोराला थुंक म्हणतात त्या आवाजात ती म्हणाली, "मग तुम्ही इकडेच या ना. थेट गाडी आहे. शनिवारी स्टँडवर उतरा, मी येते घ्यायला."

फोनमध्ये पुन्हा कोंबड्या आल्या.

"मीच येऊ?"

"हो. त्यात काय?"

"काही नाही," मामा म्हणाला. "तू म्हणतेस तर येईन." मग त्याने पत्ता विचारला. एरिया तेवीस. "म्हणजे बावीसच्या पुढे?" "नाही मामा, इथे आकडे ओळीत नाहीत. कोणालाही विचारा." "बरं," तो म्हणाला. "तेवीस. विचारीन." आणि जरा थांबून, "चालतो का?" ती म्हणाली, "चालेल हो, मामा." त्याने फोन ठेवला.

ते "मीच येऊ" तिच्या कानात नंतर जे उगवलं ते काढता येईना. तेव्हा मात्र ते फक्त म्हाताऱ्याचं बुजणं वाटलं होतं. कोळसा निघाला होता, पोर रडत होतं, जिभेवर काळी रेघ होती. तिने त्याचं तोंड धुतलं, आणि तिला एकदम हलकं वाटलं, सगळं जमवल्यासारखं. शनिवारी तिने पलंगाखालच्या पेट्या हलवल्या, उशीला अभ्रा घातला, सुकी मासळी भिजवली. मामाला मक्याच्या पिठाची न्सिमा घट्ट लागते, काठी उभी राहील अशी, म्हणून पीठ जास्त घेतलं. स्टँडवर गेली. डेड्झाकडून, मामाच्या बाजूने, येणाऱ्या प्रत्येक गाडीचं दार तिने उघडताना पाहिलं, बंद होताना पाहिलं. रविवारीही. त्या दोन दिवसांत तिला कळलं की स्टँडवर एकटे म्हातारे किती उतरतात, आणि सगळे पाठमोरे एकसारखे असतात.

तिने पुन्हा फोन लावला तेव्हा याकोबे म्हणाला, तो तर गुरुवारीच गेला. पहाटे. उठून बघतो तर चटई नाही. आम्हाला वाटलं, तुमचं माणूस आलं असेल आणि रात्रीच्या मुक्कामाचा संकोच करून गावाबाहेर थांबलं असेल. कोण आलं होतं न्यायला?

"कोणी नाही," तियांजाने म्हणाली. "मी म्हटलं होतं, तुम्हीच या."

याकोबेने फोन ठेवला.

लुसुंगुला तिने पाठीवर बांधलं. चवानंग्वा अडवायला पुढे आला आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून बाजूला झाला. तो दवाखाने आणि पोलीस चौक्या बघेन म्हणाला, आणि त्याने खरंच सगळ्या पाहिल्या. दारातून तो मागून म्हणाला, मी महिनाभर म्हटलं होतं ते तू त्याला सांगितलं नव्हतंस ना? ती म्हणाली, नाही. हे एवढं तरी तिने सांगितलं नव्हतं.

कांगोमेला, मामीच्या गावाला, ती पोचली तेव्हा बायका मका वाळवत होत्या. कोणी उठलं नाही. कोणी हाकललंही नाही. घर तिने ओळखलं, मामाच्या विटा ओळखल्या; त्याच्या विटांना कडेला अंगठा दाबलेला असायचा, ओल्या मातीत, प्रत्येक विटेला. दारात दुसऱ्याची पोरं खेळत होती. छपराच्या कडेला, सावली संपते तिथे, जमिनीवर काडीच्या रेघा होत्या की कोंबडीने उकरलेलं होतं, हे तिला ठरवता आलं नाही. याकोबेने तिला स्वयंपाकघर दाखवलं. चुलीशेजारी चटईएवढी जागा स्वच्छ होती. कुदळ भिंतीला टेकून होती. कुदळ नेली नाही, तो म्हणाला. निघणाऱ्या माणसाला कुदळ आम्ही द्यायची असते. न दिलेली नेली तर ती चोरी होते. तेवढं त्याने पाळलं.

मग तो बोलायला लागला तेव्हा त्याचा आवाज चढला नाही, आणि तियांजानेला दाराआड उभी असलेली ती लहान मुलगी आठवली. "आमच्या बहिणीला त्याने चांगलं नांदवलं. आम्हाला त्याला वाजतगाजत सोडायचं होतं. आता लोक म्हणतात, न सोडता गेला, न सांगता गेला, अंधारात गेला. म्हणजे दोरोफेच्या मरणात काही तरी होतं म्हणून पळाला. म्हणू नये असं आम्हालाही वाटतं. पण तोंडं किती बांधणार? त्याला हे ठाऊक होतं. ठाऊक असून गेला. का गेला असेल, बाई?"

तिला का ते ठाऊक होतं. त्याच्या म्बुम्बेने सांगितलं म्हणून. जन्मभर त्याने सांगितलं आणि त्यांनी ऐकलं, आणि एकदा त्यांच्यातली उरलेली एक म्हणाली, तुम्हीच या. तर तो नाही कसा म्हणणार? मला न्यायला या, असं मालकाने म्बुम्बेला म्हणायचं नसतं. त्यासाठी त्या भाषेत वाक्यच नाही. तो फक्त विचारू शकत होता, चालतो का?

मक्याजवळच्या बायकांतली एक म्हातारी, दोरोफे मामीची थोरली बहीण, एवढा वेळ तियांजानेच्या पाठीकडे बघत होती. ती उठून जवळ आली आणि पोर बांधलेल्या कापडाची, चितेंजेची, गाठ न विचारता सैल केली, लुसुंगुला काढून हातांवर तोललं.

"मुलगा आहे?"

"हो."

"तुझाच?"

"हो."

"त्याला सोडायच्या दिवसाच्या बिअरला पीठ काढून ठेवलं होतं आम्ही," म्हातारी म्हणाली. "किडे पडले त्याच्यात. त्याला विचारलं की म्हणायचा, माझा माणूस अजून चालत नाही." तिने लुसुंगुची पावलं चिमटीत धरली, मऊ तळवे अंगठ्याने दाबले. "चालायला कशाला हवा होता? पाठीवर आणला असतास तरी चाललं असतं. पुरुष तो पुरुष. आम्ही याच्या हातात त्याचा हात दिला असता."

लुसुंगु म्हातारीच्या कानातल्या बाळीकडे हात नेत होता. तियांजानेने त्याला परत घेतलं आणि बांधलं; गाठ बसेना, पुन्हा सोडली, पुन्हा बांधली. मामालाही हे ठाऊक असणार. पाठीवरचं पोरही चालतं हे त्याला ठाऊक नसेल असं होणारच नाही. मग तो पायांचं का विचारत होता? तिला अडचण नको म्हणून. तान्हं घेऊन डोंगर चढायला लागू नये म्हणून. तो तिला मुदत देत होता, पुन्हा पुन्हा, आणि दर वेळी आणखी थोडी. आणि ती काटा टोचला म्हणून उलट फोन करत नव्हती. परतीच्या गाडीत तिने खिडकीतून एकही रस्ता सोडला नाही. रस्त्याने खूप माणसं चालतात. सगळी कुठेतरी पोचत असावीत.

त्याला आता बरेच दिवस झाले. लुसुंगु चालतो. चांगला चालतो, एका संध्याकाळी भिंत सोडून सरळ दाराकडे निघाला आणि उंबऱ्याशी थांबून मागे बघायला लागला. सासूला सांगितलं, नर्सला सांगितलं. ज्याला सांगायचं होतं त्याची घंटी वाजत नाही. चवानंग्वा म्हणतो, तू रोज स्टँडवर जाऊन काय होणार? तिला ठाऊक आहे काय होणार. पण तिने आकड्यांचा विचार केला आहे. मामा विचारीन म्हणाला होता, तरी तो विचारणारा नाही. जन्मभर लोकांनी त्याला विचारलं. तो एकपासून सुरू करील. एक, दोन, तीन. आणि या शहरात तीनच्या पुढे चार नाही, नदी ओलांडून दुसरंच काही आहे. नवाशेजारी चाळीस आहे, आणि पंचवीस तर पार दुसऱ्या टोकाला. भोवती फिरणाऱ्या माणसाला फिरायला एवढं मोठं मडकं कोणी करून ठेवलं असेल, असं तिच्या मनात येतं आणि तिला आजीच्या अंगणातली ती घेरी येते.

म्हणून ती भेटेल त्याला थांबवते. कंडक्टरांना सांगितलं आहे, कोळसेवाल्यांना, टोमॅटोवालीला. तुम्हालाही तिचं तेच सांगणं आहे. तुम्ही त्या बाजूला गेलात, किंवा कुठल्याही बाजूला गेलात, आणि एखादा उंच, वाकलेला म्हातारा दिसला, बगलेत गुंडाळलेली चटई, भादरायचं राहून गेलेलं डोकं, छपराच्या कडेला, सावली संपते तिथे बसलेला, तर जरा थांबा. जेवलाय का बघा. कुठे जायचंय असं विचारू नका, तो 'कुठे नाही' म्हणेल. तुमची म्बुम्बा कोण, असं विचारा. आणि त्याने नाव घेतलं, तर त्याला पुढची वाट दाखवू नका. त्याला सांगा, इथेच बसा, निघालंय माणूस न्यायला. मग त्याच्याजवळ कोणीतरी थांबा, तो हाक मारणार नाही.